इन्सुलिनचा तुटवडा आणि ‘युनिट’चा अर्थ
२०२५ साली नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने मानवी इन्सुलिनची पेने भारतात टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविल्याचे वृत्त आले. कुप्या मात्र चालू राहणार होत्या. नाशिकच्या औषधविक्रेत्याकडे पेनची कार्ट्रिज न मिळाल्यास वैद्य कुपी सुचवितो, आणि तेथे अर्थविचाराचा प्रश्न उपस्थित होतो. ‘युनिट’ हे औषधाच्या प्रभावाचे माप होय, द्रवाच्या आकारमानाचे नव्हे. कार्ट्रिजमध्ये प्रत्येक मिलिलिटरास १००, तर आपल्याकडील कुपीत बहुधा ४० युनिट असतात. अशा कुपीतील औषध १०० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत घेतल्यास रुग्णास केवळ ४ युनिट मिळतात. म्हणून ४० च्या कुपीस लाल टोपणाची ४० चीच सिरिंज हवी. चिठ्ठीवरील अंक तोच राहतो. त्याचा अर्थ मात्र कुपी व सिरिंज यांच्या मेळानेच सिद्ध होतो.