केसपेपरवरचा पत्ता आणि डास चावलेली गल्ली

दरवर्षी श्रावण-भाद्रपदात सोलापुरात तापाचे रुग्ण वाढू लागतात. आधी गल्लीतल्या डॉक्टरचे इंजेक्शन, मग रक्ततपासणी, मग प्लेटलेट कमी झाल्या म्हणून धावपळ, आणि शेवटी सिव्हिल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, नाहीतर कर्ज काढून खासगी दवाखाना. वर्तमानपत्रात आकडा छापून येतो: इतके संशयित, इतके बाधित. रुग्ण कोणत्या गल्लीतला आणि त्याला ताप कोणत्या तारखेला चढला, हे त्या आकड्यात नसते. अळ्या शोधणारे कर्मचारी कोणाच्या दारात जाणार आणि धूरफवारणीची गाडी कुठे वळणार, हे मात्र याच दोन गोष्टींवरून ठरायला हवे. म्हणून डेंग्यूचे रुग्ण कुठून आणि कधी भरती होतात याचा नकाशा कसा करतात, तो कुठे फसवतो आणि विहारात जमणारी आपली मुले-मुली तो कसा करू शकतात, हे आम्ही इथे मांडत आहोत.

रोगाचा नकाशा काढण्याची गोष्ट जुनी आहे. 1854 साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली, तेव्हा ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती दाटलेली दिसली. त्या पंपाचा दांडा काढून घेण्यात आला. डेंग्यूचे काम इतके सरळ नाही. पंप जागचा हलत नाही, पण डेंग्यूत डासही हलतो आणि माणूसही. एडिस इजिप्ती हा डास फार लांब उडत नाही, साधारण शंभर-दोनशे मीटरच्या परिघातच राहतो. रोग गावभर पसरतो तो बहुतेक माणसांच्या फिरण्याने.

आधी तारखेचे बघू. समजा एक मुलगी 20 सप्टेंबरला भरती झाली आणि तिला ताप 16 सप्टेंबरला आला होता. डास चावल्यापासून ताप यायला चार ते दहा दिवस लागतात. म्हणजे चावा 6 ते 12 सप्टेंबरच्या दरम्यानचा. तो डास जन्मतः विषारी नव्हता. त्याने आधी कुठल्यातरी रुग्णाचे रक्त प्यायले होते, आणि विषाणू त्याच्या अंगात पिकायला आठ ते बारा दिवस गेले होते. हिशेब केला तर त्या परिसरात ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत कोणीतरी आधीच बाधित होते. त्या माणसाचे नाव कुठल्याही रुग्णालयात नसण्याची शक्यता जास्त, कारण डेंग्यूची लागण झालेल्या चारपैकी सुमारे तिघांना लक्षणे दिसतच नाहीत किंवा किरकोळ ताप येऊन जातो. भरतीची तारीख ही अशी शिळी बातमी असते. नकाशावर लिहायची ती ताप सुरू झाल्याची तारीख.

पत्त्याचे प्रकरण तर आणखी किचकट आहे. सोलापूरच्या रुग्णालयांत शहराबाहेरचे रुग्ण खूप येतात. धाराशिव जिल्ह्यातून येतात, कर्नाटकातल्या इंडी, आळंद, अफझलपूर भागातूनही येतात. रुग्णालय सोलापुरात म्हणून रुग्ण सोलापूरचा धरला, तर शहराचा आकडा उगाच फुगतो आणि त्या गावात मात्र कोणी फिरकत नाही. शहरातल्या शहरातही गोंधळ आहे. केसपेपरवर नुसते 'विडी घरकुल' लिहिले तर ते कोणते? हैदराबाद रस्त्याकडचे जुने विडी घरकुल महापालिकेच्या हद्दीत येते. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची, विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारीत आहे. तिथला रुग्ण ग्रामीण यंत्रणेच्या यादीत जायला हवा. एक शब्द अर्धवट राहिला की दोन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळी.

शिवाय हा डास दिवसा चावतो. घरी बसून विड्या वळणारी बाई दिवसभर घरातच असते, तेव्हा तिच्या बाबतीत घराचा पत्ता बहुधा बरोबर ठरेल. पण तिचा नवरा यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात असतो, मुलगा शाळेत असतो. त्यांना कुठे चावा बसला हे घरचा पत्ता सांगणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहरात हेच ओळखून रुग्णाचे घरच नव्हे, तर आजाराआधी तो दिवसा जिथे जिथे गेला होता ती ठिकाणेही शोधून आत फवारणी केली गेली. फवारणी झालेल्या ठिकाणी पुढची लागण न फवारलेल्या ठिकाणांच्या मानाने 86 ते 96 टक्क्यांनी कमी झाल्याचे अभ्यासात दिसले.

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. नकाशावरची कोरी जागा म्हणजे निरोगी जागा नव्हे. ज्याच्याकडे तपासणीचे पैसे आहेत त्याचा ठिपका पडतो. ज्याने रोजगार बुडेल म्हणून तापातच काम केले, तो नकाशावर नसतो. खासगी प्रयोगशाळेतल्या झटपट कार्ड चाचणीवर सरकारी कार्यक्रम रुग्णाला 'निश्चित' धरत नाही, त्यासाठी एलायझा चाचणी लागते. ती झाली नाही तर रुग्ण संशयितांतच राहतो. अशा रीतीने आपल्या वस्त्या कोऱ्या दिसतात आणि ठिपक्यांच्या मागे जाणारी यंत्रणा दुसरीकडे जाते. साथ वाढलीच तर वर ऐकवले जाते की तुमच्याकडे घाण असते. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पाणी साठवले जाते ते नळ रोज येत नाही म्हणून. उजनीचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटर नळातून शहरात येते, आणि घरातल्या नळाला मात्र वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड. मग बॅरल, हौद, सिंटेक्सची टाकी हे सगळे आलेच. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी हा मुद्दा तरी ठामपणे मांडावा.

'आठवड्यातून एकदा पाणी ओतून द्या' हा सल्ला रोज पाणी मिळणाऱ्याने दिलेला असतो. तरीही यातून वाट आहे. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. पाणी पाचव्या दिवशी येत असेल तर आपण डासाच्या पुढे आहोत. घोटाळा होतो तो उरलेल्या पाण्यावरच नवे पाणी भरल्याने. नळ यायच्या दिवशी तळाचे पाणी धुण्याला किंवा संडासला वापरून टाकावे आणि बॅरल आतून घासावे. घासायचे कारण असे की अंडी काठाला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. नुसते विसळून ती निघत नाहीत.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांत वर्षावास असतो, ग्रंथवाचनाला माणसे जमतात. डेंग्यूचा हंगामही साधारण हाच. विनयपिटकात प्रसंग आहे: भगवान बुद्ध आनंदांसोबत भिक्खूंच्या निवासांतून फेरी मारत असताना त्यांना स्वतःच्या मलमूत्रात पडलेला एक आजारी भिक्खू दिसला, आणि त्यांनी त्याला स्वतः आंघोळ घातली. तो भिक्खू सापडला तो फेरीमुळे. वाचन संपल्यावर दहा मिनिटे एवढेच विचारायचे: या आठवड्यात कोणाच्या घरी ताप आहे? वस्तीचा मोठा नकाशा हाताने काढा. गल्ली आणि जवळची खूण, ताप सुरू झाल्याची तारीख, दिवसा माणूस कुठे असतो, भरती झाला का, कोणती चाचणी झाली, एवढे वहीत लिहा. दर आठवड्याला ठिपक्याचा रंग बदला. नाव आणि घर क्रमांक नकाशावर अजिबात नको. 'या घरातून रोग आला' असे एकदा लोक बोलू लागले की पुढच्या आठवड्यात कोणी ताप सांगणार नाही.

ताप विचारायला गेलेल्यांनी हेही सांगावे: पॅरासिटामॉलशिवाय ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी मनाने घेऊ नये. ताप उतरला म्हणजे सुटलो असे नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच धोका असतो. पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, फार सुस्ती यांपैकी काही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालय.

दोनशे मीटरच्या आत, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने ठिपके जमू लागले की नकाशाचा फोटो जोडून महापालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी. कंटेनर तपासणी मागावी, नुसता धूर नको. धूर उडते डास मारतो, बॅरलमधल्या अळ्या तशाच राहतात. सोबत माहिती अधिकारात प्रभागवार, महिनावार संशयित आणि निश्चित रुग्णांची संख्या मागावी, नावे न मागता. उत्तराची मुदत 30 दिवस असते, म्हणून अर्ज वर्षावासाच्या सुरुवातीलाच टाकलेला बरा. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, पण डेंग्यूचे रुग्ण नोव्हेंबरपर्यंत येत राहतात. नकाशा तोवर भिंतीवरून उतरवू नये.