मानवी प्रतिरूपनिर्मिती : आकर्षण आणि नीती

हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. या पिकाचा एक विशेष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. हळदीच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे तिला फुले आली तरी बी क्वचितच धरते. म्हणून शेतकरी मागील हंगामातील गड्डे बेणे म्हणून राखून ठेवतो आणि तेच पुन्हा जमिनीत लावतो. अर्थात् एका वाणाचे शेत हा अनेक वनस्पतींचा समुदाय नसून एकाच वनस्पतीचा विस्तार होय. अशा विस्तारास 'क्लोन' हे नाव वेबर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये सुचविले; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डहाळी असा आहे. शेतात ही एकरूपता इष्टच असते. मात्र कंदकूज शिरली म्हणजे तिची दुसरी बाजूही प्रत्ययास येते.

डहाळीचा हा शब्द मनुष्याच्या संदर्भात रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः जे. बी. एस. हाल्डेन यांस दिले जाते. १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झालेल्या आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निधन पावलेल्या या शास्त्रज्ञाने, १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात, असामान्य व्यक्तींची प्रतिरूपे निर्माण करण्याची कल्पना मांडली. निवड बहुधा पन्नाशी उलटल्यावर, म्हणजे कर्तृत्व सिद्ध झाल्यावर करावी; खेळाडू व नर्तक यांच्या बाबतीत ती लवकर करावी, असे त्यांचे म्हणणे होते. पीक हाती आल्यावर बेणे निवडावे, त्यातलाच हा प्रकार.

त्या काळी जे केवळ तर्काचे होते ते १९९६ मध्ये डॉली या मेंढीच्या जन्माने सस्तन प्राण्यांत सिद्ध झाले. अंडपेशीतील केंद्रक काढून टाकावयाचे, त्या जागी प्रौढ प्राण्याच्या पेशीतील केंद्रक घालावयाचे आणि तयार झालेला भ्रूण दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात वाढवावयाचा, अशी ही रीत आहे. त्या प्रयोगात २७७ पुनर्रचित अंडपेशींपैकी एकच जन्मापर्यंत पोहोचली. भारतात कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ च्या फेब्रुवारीत म्हशीचे पहिले प्रतिरूप पारडू जन्मले. ते काही दिवसच जगले. जूनमध्ये जन्मलेली गरिमा दोन वर्षांहून थोडी अधिक जगली. २०१८ मध्ये शांघाय येथील संशोधकांनी माकडांची दोन प्रतिरूपे जाहीर केली, परंतु ती गर्भाच्या पेशींपासून झालेली होती. त्याच प्रयोगात प्रौढ पेशींपासून जन्मलेली पिल्ले वाचली नाहीत. मनुष्याचे प्रतिरूप जन्मास आल्याचा विश्वसनीय पुरावा आजवर पुढे आलेला नाही. अशा स्थितीत मनुष्यावर हा प्रयोग करणे म्हणजे होणाऱ्या बालकाचे जीवित पणास लावणे होय, आणि एवढ्यावरूनच तो आज निषिद्ध ठरतो.

तथापि हा आक्षेप तंत्राच्या अपुरेपणावर उभा आहे. उद्या तंत्र निर्दोष झाले तर तो उरणार नाही. खरा प्रश्न त्यापलीकडे आहे, आणि तो ज्यांनी अपत्य गमावले आहे त्यांच्या इच्छेत दडलेला आहे. ही इच्छा उपहासाने उडवून लावण्यासारखी नाही. नातवास आजोबांचे नाव ठेवून 'आजोबाच परत आले' असे म्हणणाऱ्या समाजास तर ती मुळीच परकी वाटू नये.

परंतु परत येते ते काय? २००१ च्या डिसेंबरमध्ये टेक्सास येथे एका तिरंगी मांजरीचे प्रतिरूप जन्मले. त्याच्या अंगावरील रंगच मूळ मांजरीशी जुळले नाहीत. कारण मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी कोणते निष्क्रिय व्हावे हे वाढत्या गर्भात यदृच्छेने ठरते. जेथे कातडीवरील ठिपकेही पुन्हा उमटत नाहीत, तेथे स्वभावाची काय कथा?

हाल्डेन यांच्या योजनेची परीक्षा हिंगोली जिल्ह्यातच करून पाहता येईल. परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी या जिल्ह्यात आहे, आणि विसोबा खेचरांनी त्यांस बोध केला ते औंढा नागनाथही येथेच. नामदेवांचे केंद्रक उपलब्ध झाले असे क्षणभर गृहीत धरले, तरी त्या केंद्रकात औंढ्याचा तो प्रसंग नाही, ज्ञानेश्वरांची संगत नाही, पंढरीचे वाळवंट नाही. उलट त्यांच्या घरी दासी म्हणून राहिलेल्या, रक्ताचे कोणतेही नाते नसलेल्या जनाबाईंनी अभंगरचना केली. नामदेवांचे जे पुढे चालले त्यातील किती रक्तावाटे गेले आणि किती सहवासाने, हे या एका उदाहरणावरून पुरेसे ध्यानात येते.

मग प्रतिरूप निराळीच व्यक्ती होणार असेल तर हरकत कोणती, असे कोणी विचारील. एकबीज जुळी भावंडेही जनुकदृष्ट्या एकरूपच असतात. याचे उत्तर हान्स योनास या तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये दिले आहे. जुळी एकाच वेळी जन्मतात. त्यांपैकी कोणीही दुसऱ्याचे आयुष्य आधी जगून दाखविलेले नसते. प्रतिरूपास मात्र आपले पूर्वचरित्र म्हणून दुसऱ्याचे चरित्र दिलेले असते, आणि स्वतःविषयी अजाण राहण्याचा त्याचा अधिकार हिरावला जातो. आजोबांचे नाव लावलेल्या नातवावरही अपेक्षांचे ओझे असते हे खरे. पण तो आजोबांसारखा निघाला नाही तर घरचे फार तर हसून सोडून देतात. प्रतिरूपाच्या बाबतीत तसे निघणे हेच त्याच्या जन्माचे प्रयोजन असते. मृत मुलाच्या जागी आणलेल्या मुलास चित्रकला आवडली नाही तर दोष कोणाचा मानावयाचा? दत्तक मुलास आईबाप स्वीकारतात तेव्हा तो कोण होईल हे त्यांस ठाऊक नसते, आणि वात्सल्याचा बराचसा भाग या न ठाऊक असण्यातच आहे.

नात्यांचा घोटाळा हा आक्षेप मात्र वाटतो तितका बलवान नाही. पित्याच्या पेशीपासून झालेला मुलगा जनुकदृष्ट्या त्याचा जुळा भाऊ ठरेल. पण नाते जनुकांवरच अवलंबून असते तर दत्तकविधानास अर्थच उरला नसता.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८ मार्च २००५ रोजी सर्व प्रकारच्या मानवी प्रतिरूपनिर्मितीविरुद्ध ठराव ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत केला. ३७ राष्ट्रे तटस्थ राहिली. भारताने विरुद्ध मत दिले. अपत्यजन्मासाठी होणाऱ्या प्रतिरूपनिर्मितीस भारताचा विरोधच होता. परंतु रोगोपचारार्थ पेशी मिळविण्याचे संशोधन त्याच बंदीत गोवू नये, अशी त्याची भूमिका होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मूलपेशीविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही मनुष्याचे प्रतिरूप जन्मास घालणे निषिद्ध मानले आहे.