चौकट : सीमेवरचा पेपर, युरोपातला कायदा

अनगोळ नाक्यावर सकाळी चहाबरोबर वाचला जातो तो ‘तरुण भारत’. बाबूराव ठाकूर यांनी तो १९१९ साली बेळगावात काढला. नागपूरचा ‘तरुण भारत’ वेगळा, त्याच्याशी नावापुरतंच नातं. आज कुणी नवं मराठी नियतकालिक त्याच नावानं नोंदवू म्हणेल, तर २०२३चा नियतकालिक नोंदणी कायदा आडवा येईल. जुनी नावं मात्र सुखेनैव नांदताहेत.

राज्याची भाषा एक आणि पेपरची दुसरी, हे युरोपलाही नवं नाही. इटलीतल्या बोल्झानोत ‘डोलोमिटेन’ हे जर्मन दैनिक निघतं. भाषिक अल्पसंख्याकांच्या वृत्तपत्रांना तिथं सरकारी अनुदानाची सोय आहे. फिनलंडमध्ये सार्वजनिक प्रसारण संस्थेनं फिनिश आणि स्वीडिश भाषकांना समान वागणूक द्यावी, असं कायदाच सांगतो. युरोप परिषदेची अल्पसंख्याक भाषांसाठीची सनद १९९२ची. तिच्या ११व्या कलमात वृत्तपत्रं, रेडिओ, दूरचित्रवाणी सगळं आलं. पण फ्रान्सनं १९९९ मध्ये सही केली आणि मंजुरीचं घोंगडं अजून भिजतच ठेवलंय!

आपल्याकडे राज्यघटनेचं कलम १९ प्रकाशनाचं स्वातंत्र्य देतं, कलम २९ भाषा जपण्याचा हक्क. पेपर चालवण्याचा खर्च मात्र वाचक आणि जाहिरातदारांच्याच खिशातून निघतो.