ओळखीवर चालणारी गाडी

लोणारची बाहेरच्या जगातील ओळख उल्काघाताने बेसाल्ट खडकात तयार झालेल्या खाऱ्या सरोवरामुळे आहे, आणि २०२० मध्ये हे सरोवर रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्यापासून ती अधिक दृढ झाली. परंतु तालुक्याचा रोजचा व्यवहार सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा या पिकांवर व ती मेहकर, मंठा किंवा रिसोडच्या वाटेने बाहेर नेणाऱ्या मालट्रकांवर उभा आहे. या गाड्यांवर काम करणाऱ्या तरुण चालकांपैकी एखादा अकाली गेला, की त्याच्याविषयी सर्वांत आधी बोलले जाते ते त्याच्या माणसे जोडण्याच्या स्वभावाविषयी. हे वर्णन मृताबद्दल चांगले बोलण्याच्या रीतीतून आलेले वाटते. प्रत्यक्षात हा स्वभाव चालकाच्या कामाचाच एक भाग असतो.

मालवाहतुकीत चालकाची कमाई बहुधा खेपेवर, म्हणजे माल पोहोचवून येण्याच्या एका फेरीवर, ठरते आणि त्यामुळे गाडी उभी राहिलेला प्रत्येक तास त्याच्या खिशातून जातो. गाडीला माल मिळवून देणारा दलाल, पोत्यांची थप्पी लावणारे हमाल, रिकामी व भरलेली गाडी तोलून त्या दोन वजनांतील फरकावरून मालाचे वजन काढणारा वजनकाट्यावरचा माणूस आणि बिल्टी, म्हणजे माल कोणाचा व कोणाकडे जायचा हे नोंदवणारी पावती, फाडणारा कारकून यांपैकी कोणीही चालकाच्या हाताखाली नसतो, आणि तरीही त्याचा दिवस वेळेवर सरणे या सर्वांवर अवलंबून असते. तेल गिरणीच्या फाटकावर सोयाबीनचा नमुना काढून ओलावा तपासला जातो व तो ठरलेल्या मर्यादेहून अधिक निघाला की भावावरून घासाघीस सुरू होते. हा वाद व्यापारी आणि गिरणी यांच्यातील असला तरी रांगेत अडकून पडतो तो चालकच. अशा वेळी नावाने हाक मारणारा, हमालांबरोबर चहा घेणारा आणि मागच्या खेपेची चौकशी करणारा चालक लवकर मोकळा होतो, तर फटकून वागणारा मागे राहतो.

हाताच्या कामातही माणसांवरचे हेच अवलंबन दिसते. हौद्यात, म्हणजे ट्रकच्या माल ठेवण्याच्या भागात, थप्पी लागल्यावर तिच्यावर दोन ताडपत्र्या टाकायच्या असल्या तर मागची आधी पसरतात आणि पुढची तिच्यावर चढवतात, कारण पुढून येणारा वारा त्या जोडात शिरला तर ताडपत्री फुगून फाटते आणि पाऊस थेट पोत्यांवर येतो. दोर एका बाजूच्या आकड्यात अडकवून वरून पलीकडे फेकला जातो, पलीकडचा माणूस त्याला फास घालून अंगाच्या भाराने खाली ओढतो, आणि दोन्हीकडचा ताण सारखा नसेल तर वळणावर माल एका अंगाला कलतो. निघण्यापूर्वी चालक टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, चाकांवर ठोके देत गाडीभोवती फिरतो; मागच्या जोडचाकांपैकी आतल्या चाकातील हवा गेली तरी बाहेरून ते कळत नाही, मात्र पुरेशी हवा असलेले चाक टणक आवाज देते आणि उतरलेले बद्द वाजते. हा आवाज ओळखायला कोणतीही शाळा शिकवत नाही. क्लीनर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, तो आपल्या उस्तादाकडून शिकतो, उस्ताद म्हणजे ज्याच्या हाताखाली तो गाडीवर चढला तो चालक. व्यावसायिक वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे आधीची वर्षे या उमेदवारीत जातात, आणि बोलका उस्ताद लाभलेला मुलगा रस्त्याबरोबर रस्त्यावरची माणसेही वारशाने मिळवतो.

या व्यवस्थेत अलीकडे बदल झाला तो नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाने. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. लोणार परिसरातील गाड्यांना त्यावर चढण्यासाठी मेहकर व सिंदखेडराजा येथील इंटरचेंज, म्हणजे महामार्गावर येण्या-जाण्याची ठरावीक ठिकाणे, जवळची पडतात. वेळ वाचला हे खरे, परंतु जुन्या रस्त्यावर पंक्चरवाला, ढाबा आणि गावाचा फाटा यांमुळे आपोआप होणारे थांबे येथे नाहीत, आणि सरळ, एकसुरी रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी चालकाचे भान हरपण्याचा धोका वाढतो. जुन्या रस्त्यावरील गप्पा हा वेळेचा अपव्यय नव्हता, तर ती विश्रांतीचीच एक रीत होती. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९१ ने ही कामाच्या तासांची मर्यादा मालवाहू वाहनांच्या चालकांनाही लागू केली. मात्र खेपेवरचा चालक हे तास मोजत नाही, आणि मोजले तरी त्याची नोंद क्वचितच कोठे राहते.

त्यामुळे असा चालक गेल्यावर त्याचे आयुष्य एका ठिकाणी सापडत नाही. घरच्यांना माहीत असतो तो सणाला येणारा, दसऱ्याला गाडीला झेंडूचे हार घालणारा मुलगा; बाजार समितीच्या आवारातील हमालांना, जालन्याहून परतीला लोखंडी सळया भरून देणाऱ्यांना आणि ढाब्यावरच्या आचाऱ्याला त्याचे इतर तुकडे माहीत असतात, आणि चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स उतरल्यावर हे तुकडे एकत्र येण्याचा प्रसंग बहुधा तेरवीपुरताच उरतो.

या आठवणींना भावनेपलीकडचे मूल्य आहे. कामावर असताना झालेल्या अपघातात चालकाचा मृत्यू झाला तर त्याच्या आश्रितांना भरपाईचा हक्क १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने दिला, आणि त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. ही रक्कम मासिक वेतनाचा अर्धा भाग व वयानुसार ठरलेला गुणांक यांच्या गुणाकारातून निघते, आणि वय कमी तितका गुणांक मोठा असतो. परंतु रोखीने मिळालेल्या खेपेच्या पैशांचा आणि तोंडी ठरलेल्या नोकरीचा पुरावा कुटुंबाकडे नसतो, आणि चालक नेमक्या कोणत्या गाडीवर, कोणासाठी, किती काळ राबत होता हे सांगू शकतात ते वाटेवरचे हेच ओळखीचे लोक. तेव्हा लोणारसारख्या ठिकाणच्या गाडीमालकांनी प्रत्येक खेपेची तारीख, तास आणि दिलेली रक्कम साध्या वहीत उतरवून त्यावर चालकाची सही घ्यावी आणि चालकांनी त्या पानाचे छायाचित्र घरच्या मोबाईलवर पाठवून ठेवावे; एवढी नोंद असली तर कुटुंबाचा हक्क केवळ इतरांच्या आठवणींवर विसंबून राहणार नाही.