आरामाचे माप टायरमध्ये

आलिशान सेडान निवडताना नजर जाते ती चामडी आसनांवर आणि मोठ्या, चकचकीत चाकांवर. आराम मात्र बराचसा टायरच्या रबरी भिंतीवर ठरतो. टायरवरचे आकडे वाचून पाहा. २२५/५५ आर १७ म्हणजे रुंदी २२५ मिमी, भिंतीची उंची तिच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे १२४ मिमी, आणि रिम १७ इंची. २४५/४० आर १९ मध्ये ही भिंत ९८ मिमीच उरते. खड्ड्याची धार आधी हीच हवाभरली भिंत झेलते. ती आखूड झाली की धक्का रिमला आणि पुढे आसनापर्यंत पोचतो. त्यातही बसलेल्या माणसाला सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी उभी कंपने सर्वाधिक जाचतात.

मोठे चाक खड्डा सहज ओलांडते, हा आक्षेप इथे टिकत नाही: या दोन्ही टायरांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, ६७९ मिमी भरतो. एअर सस्पेन्शन सगळे सांभाळेल, असेही म्हणतात. लांब उंचवटे ते सुरेख झेलते, पण तीक्ष्ण धक्क्याची पहिली गाठ टायरशीच पडते. शिवाय एअर सस्पेन्शनचे रबरी फुगे वयानुसार चिरतात आणि दुरुस्ती महाग पडते. आखूड भिंतीमुळे गाडी वळणावर चपळ राहते, हे खरे. पण चपळाईपेक्षा स्वस्थता हवी असेल, तर त्याच मॉडेलचा लहान रिमचा प्रकार निवडावा, हवेचा दाब कंपनीने सांगितलेलाच ठेवावा आणि टेस्ट ड्राइव्ह खराब रस्त्यावर, मागच्या आसनावर बसूनही घ्यावी.