डिस्कॉर्डवर मिळालेलं उत्तर महिन्याभराने का सापडत नाही? ओपन सोर्स गेमच्या कट्ट्याला जागा शोधताना

इंटरनेटवर नुसतं ‘बेलापूर’ शोधलं तर बहुधा नवी मुंबईतलं सीबीडी बेलापूर समोर येतं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, प्रवराकाठचं बेलापूर हवं असेल तर पुढे ‘श्रीरामपूर तालुका’ जोडावं लागतं. त्यातही गंमत म्हणजे रेल्वेचं ‘बेलापूर’ स्टेशन या गावात नाही, श्रीरामपूर शहरात आहे. नाव माहीत असूनही ठिकाण सापडत नाही, हा प्रकार बेलापूरकरांना नवा नाही.

आता समजा, याच बेलापुरातल्या एका बारावीच्या मुलाने जुन्या लॅपटॉपवर लुआंटी टाकलं. ठोकळ्यांचं जग बांधण्याचं हे मोफत, ओपन सोर्स व्यासपीठ. २०१० साली ते ‘माइनटेस्ट’ या नावाने सुरू झालं आणि २०२४ मध्ये त्याचं नाव बदललं. साध्या मशिनवरही चालत असल्यामुळे शाळा-कॉलेजच्या मुलांना ते परवडतं. या मुलाने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर स्वतःचा सर्व्हर सुरू केला, पण श्रीरामपूरच्या मित्रांना काही केल्या त्यात शिरता येईना.

रात्री अकराला त्याने डिस्कॉर्डवर प्रश्न टाकला आणि दहा मिनिटांत उत्तर आलं. मोबाइल इंटरनेटवर बऱ्याचदा अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता असतो. त्यामुळे बाहेरून आलेली जोडणी नेमक्या कुणाच्या लॅपटॉपकडे वळवायची, हे नेटवर्कला कळत नाही. अशा वेळी लुआंटीचं नेहमीचं ३०००० क्रमांकाचं पोर्ट आपल्याकडे उघडूनही उपयोग नसतो. छोटा सर्व्हर भाड्याने घ्यायचा किंवा मित्रांना व्हीपीएनने एका खासगी नेटवर्कवर आणायचं, हे त्यावरचे मार्ग.

मुलाचं काम झालं. महिन्याभराने राहुरीच्या एका मुलीला हीच अडचण आली, तेव्हा मात्र ते उत्तर शेकडो मेसेजखाली गाडलं गेलं होतं. गूगलवर ते नव्हतंच. डिस्कॉर्डच्या आतल्या गप्पा बाहेरच्या सर्च इंजिनला दिसत नाहीत. म्हणजे ज्याने फुकट वेळ देऊन समजावलं, त्याने तेच पुन्हा समजवायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो कंटाळतो आणि गप्प बसतो. ओपन सोर्स गेम स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो, त्यामुळे असा एक माणूस गप्प होणं हे साधं नुकसान नसतं.

मग सगळे डिस्कॉर्डवरच का जातात?

कारण तिथे गर्दी आहे. २०१५ मध्ये सुरू झालेलं हे ॲप मुळात गेमरांसाठीच होतं. खेळता खेळता बोलता येतं, पैसे पडत नाहीत आणि सर्व्हर सांभाळायची कटकट नाही. आज रात्री कोण खेळणार, हे ठरवायला त्याच्याइतकी सोपी जागा नाही. ते बंद करा असं कुणी म्हणत असेल तर त्याने कधी टीम जमवून पाहिलेली नाही! प्रश्न आहे तो जपून ठेवण्याजोग्या मजकुराचा.

याचा धडा मराठी नेटकऱ्यांनी आधीच घेतलाय. एकेकाळी मराठी तरुणाईचा अड्डा ऑर्कुटवर होता. ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलने ऑर्कुट बंद केलं आणि तिथल्या समूहांचा कारभार संपला. याहू ग्रुप्सचंही डिसेंबर २०२० मध्ये तेच झालं. याउलट अजय गल्लेवाले यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली मायबोली आजही चालू आहे. तिच्या मागून आलेली मनोगत आणि मिसळपाव ही संकेतस्थळं ‘द्रुपल’ या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर उभी राहिली, आणि पुढे मायबोलीही द्रुपलवर आली. सॉफ्टवेअर बदललं तरी मजकूर चालवणाऱ्यांच्याच हातात राहतो, हा इथला मोठा फरक.

ओपन सोर्स गेममध्येही अशी उदाहरणं आहेत. २००३ पासूनचा ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ आणि लुआंटी या दोघांचे चर्चामंच पीएचपीबीबीवर चालतात. पीएचपीबीबी हे २००० सालचं सॉफ्टवेअर. दिसायला जुनाट, मोबाइलवर जरा अवघडलेलं, पण स्वस्तातल्या साध्या होस्टिंगवरही चालतं. दुसरा पर्याय २०१३ मध्ये आलेल्या डिस्कोर्सचा. (नाव डिस्कॉर्डसारखं असलं तरी दोघांचा संबंध नाही.) गेम बनवण्याच्या ‘गोडो’ इंजिनचा अधिकृत मंच यावरच आहे. तो फोनवर छान दिसतो, आणि नव्या सदस्याला विश्वास मिळेल तसे अधिकार वाढवत नेतो, त्यामुळे स्पॅम आवरायला मदत होते. मात्र त्याला स्वतंत्र सर्व्हर आणि किमान १ जीबी रॅम लागते. दर महिन्याचं भाडं कोण भरणार आणि अपडेट कोण करणार, ही दोन नावं ठरली नसतील तर पीएचपीबीबी बरं.

मराठीत शोधलं तर सापडेल का?

हा प्रश्न तुलनेच्या लेखांमध्ये सहसा येत नाही, आणि मराठी गटासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात: सर्व्हरला, सर्व्हरवर, सर्व्हरमधून. शोधयंत्रणा शब्द जसाच्या तसा जुळवत असेल तर ‘सर्व्हर’ शोधणाऱ्याला ‘सर्व्हरवर’ असं लिहिलेलं उत्तर मिळणार नाही. डिस्कोर्स ज्या पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसवर चालतं, त्यात शब्दाचं मूळ रूप ओळखण्याचे तयार नियम हिंदी, नेपाळी आणि तमिळसाठी आहेत, मराठीसाठी नाहीत. म्हणून सॉफ्टवेअर ठरवण्याआधी चाचणी म्हणून दहा-बारा मराठी पोस्टी टाकून वेगवेगळ्या रूपांनी शोधून बघावं. त्यातही कुणी ‘server’ला ‘सर्वर’ लिहितं, कुणी ‘सर्व्हर’. तेव्हा शीर्षक नीट आणि एकाच पद्धतीने लिहिण्याची सवय लावणं हे सॉफ्टवेअरइतकंच कामाचं.

आणखी एक गोष्ट वयाची. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने जाहीर केलं की ग्राहकसेवेचं काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असण्याची शक्यता आहे. स्वतःचा मंच काढला की अशी माहिती सांभाळण्याचं ओझं मात्र आपल्यावर येतं. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलंय आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. त्यामुळे फोन नंबर, शाळेचं नाव, जन्मतारीख यातलं जे लागत नाही ते विचारूच नये. वाचायला तर खातंच लागू नये, म्हणजे राहुरीच्या त्या मुलीला नाव न नोंदवता उत्तर मिळेल.

रोजच्या गप्पा डिस्कॉर्डवर राहू द्याव्यात. कामाचं उत्तर आलं की कुणीतरी ते मंचावर डकवायचं, एवढं काम आठवड्याला एकाकडे दिलं तरी भागतं. डेटाबेसची एक प्रत दर महिन्याला दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवावी, आणि ती उघडते का, हेही पाहावं.

राहता राहिले स्पॅमवाले. पीएचपीबीबीत नोंदणीच्या वेळी आपल्या मनाचा प्रश्न विचारायची सोय आहे. बेलापूरच्या गटाला तो शोधायला फार लांब जायला नको: ‘बेलापूर स्टेशन कोणत्या शहरात आहे?’