रस्त्यावरचा शार्क

बडोद्यास विश्वामित्रीला मोठा पूर आला म्हणजे मगरी वस्तीत शिरतात. २०१९ साली शिरल्या, २०२४ च्या ऑगस्टातही शिरल्या. म्हणूनच, त्या पुरानंतर शाळा उघडली तेव्हा एका विद्यार्थ्याने जलमय रस्त्यावर मोटारीलगत पोहणाऱ्या शार्कचे छायाचित्र मोबाइलवर दाखविले, तर वर्गात कोणास नवल वाटले नाही. मगर येते, मग शार्क का येऊ नये?

“हे तुला कोठून मिळाले?” मी विचारले.

“काकांनी धाडले, सर.”

काकांना कोणी धाडले, हे काकांसही ठाऊक नव्हते.

अशा चित्राचे कूळ शोधणे फारसे अवघड नाही. शोधयंत्रास शब्द न देता चित्रच द्यावे. ते यंत्र आकार, रेषा व रंग यांवरून चित्राचा जणू ठसा घेते आणि त्याच्याशी जुळणारी चित्रे पुढे मांडते. मग त्यांतील सर्वांत जुने कोणते, ते पाहावयाचे. ‘टिनआय’वर तर जुन्यापासून क्रम लावण्याची सोयच आहे. मूळ फाइलीत पुष्कळदा वेळेची व स्थळाची नोंद असते; परंतु व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने छायाचित्र पाठविले की ती गळून पडते.

आम्ही वर्गातच शोध घेतला. हेच चित्र २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या पुराचे म्हणून फिरले होते. त्याआधी, २०११ मध्ये, आयरीन वादळानंतरचा प्वेर्तो रिकोतील रस्ता म्हणून. शार्क तर त्याहूनही जुना निघाला. थॉमस पेशाक यांनी २००३ साली दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात एक छायाचित्र घेतले. त्यात पिवळ्या चिंचोळ्या होडीत एक संशोधक बसलेला असून मागे पाण्यात भला मोठा पांढरा शार्क आहे. २००५ मध्ये ते ‘आफ्रिका जिओग्राफिक’ मासिकात आले. कोणा कारागिराने होडी वगळली आणि मासा तेवढा उचलून रस्त्यावर सोडला. मौज अशी की, मूळचे खरे छायाचित्र पाहून अनेकांनी ते बनावट ठरविले होते. पेशाक यांना खुलासा करावा लागला. खोट्यावर मात्र लोकांचा विश्वास बसला!

“पण सर, हे शेकडो लोकांनी पाठविले आहे,” एक मुलगी म्हणाली. मी तिला वह्यांची आठवण दिली. दहा वह्यांत एकच चूक आढळली, तर त्या दहा साक्षी नव्हेत. एक वही आणि तिच्या नऊ नकला. बातमीचेही तसेच आहे. प्रत्यक्ष पाहणारा कोण, तो त्या वेळी तेथे होता काय, आणि चूक झाल्यास ती दुरुस्त करावयास नावानिशी कोणी बांधलेला आहे काय, हे विचारावे.

मुलांना हा शोध इतका आवडला की, पुढे ती प्रत्येक चित्रास खोटे म्हणू लागली. तेव्हा मला दुसरी हकीकत सांगावी लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये इयन वादळात फ्लोरिडातील फोर्ट मायर्स येथे, एका घराच्या आवारातील पुराच्या पाण्यात मोठा मासा वळवळत असल्याची चित्रफीत आली. पुष्कळांनी ती जुनीच थट्टा समजून सोडून दिली. परंतु ती घेणाऱ्या गृहस्थाचा शोध लागला, मूळ फाइलीतील वेळ तपासली गेली, आणि चित्रफीत खरी ठरली. तो मासा शार्कच होता काय, याविषयी मात्र तज्ज्ञांत एकमत झाले नाही.